वॅगनआरचे वायझर मे महिन्यात का सुटले, आणि आता कोणते घ्यावे?

पांढरकवड्याकडच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. त्यांनी सेकंडहँड वॅगनआर घेतली, 2020 चं मॉडेल. रोजचं जाणं-येणं झरी-मारेगावकडच्या गावरस्त्यांनी, महिन्यातून एखादवेळा नागपूर. मुलगी लहान आहे, काचा लावल्या की तिला मळमळतं, आणि पावसात काच उघडली की सीट ओली होते. म्हणून मागच्या वर्षी त्यांनी ऑनलाइन डोअर वायझर (काचेच्या वर दाराच्या चौकटीला लावायची प्लास्टिकची पट्टी, काच थोडी उघडी असली तरी पाऊस अडवणारी) मागवले, घरीच लावले, आणि मे महिन्यात ते एकामागून एक सुटले. आता मृग लागायच्या आत पुन्हा लावायचे आहेत. त्यांचं विचारणं असं की कंपनीचे महाग घ्यायचे की बाजारातले, चिकटवायचे की रबरात बसणारे, आपल्याकडच्या उन्हात टेप टिकते तरी का, आणि वायझर लावले तर पोलीस अडवतील का?

वणीत माझं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे, वायझर म्हणजे रोजचंच काम. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

भाऊ, "उन्हानं टेप सुटली" असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. ऊन डोळ्यांसमोर दिसतं ना! चंद्रपूर, नागपूर, अकोल्याला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही, हे खरंच. पण चांगली ॲक्रिलिक फोम टेप (वायझरला लावलेली, दोन्ही बाजूंनी चिकटणारी) एवढी गरमी सोसते. वायझर दाराच्या वळणाला नीट बसत नसेल तर तो दिवसरात्र टेपला ओढत राहतो. थंडीत टेप कडक असते, ओढ सहन करते. उन्हाळ्यात ती मऊ पडते आणि कुठल्यातरी टोकापासून उचलायला लागते. म्हणजे काम लावतानाच कच्चं राहिलेलं असतं, ते दिसतं मे महिन्यात. वायझर टिकतो तो मापावर. टेपचं काम त्याला धरून ठेवण्याचं, त्याला वाकवून बसवण्याचं नाही.

सुटलेले तुकडे अजून घरी पडले असतील तर फेकू नका, आधी ते नीट पाहा. टेप कुठे राहिली आहे, यावरून जवळपास सगळं कळतं. टेप वायझरला चिकटून आहे आणि तिची बाहेरची बाजू गुळगुळीत, चमकदार आहे, तर दार नीट साफ झालेलं नव्हतं; धूळ, पॉलिश, वॅक्स काहीतरी मध्ये राहिलं. टेप दारावर राहिली आणि वायझर कोरा निघाला, तर कारखान्यातच टेप वायझरला नीट धरली नव्हती. तिथे तुमचा दोष नाही आणि तो माल पुन्हा घेऊ नये. आणि फोम मधूनच फाटून अर्धा इकडे अर्धा तिकडे राहिला असेल तर टेप हलकी होती. हलका फोम दोन बोटांत ओढून पाहा, शिळ्या भाकरीसारखा तुटतो. चांगली टेप ताणली की लांब होते, सहज तुटत नाही. लाल रंगाचा कागद पाहून "थ्रीएम कंपनीची टेप आहे" असं समजू नका; लाल कागद लावून वाट्टेल ती टेप बाजारात येते.

आता मापाचं. तुमची गाडी 2020 ची, म्हणजे जानेवारी 2019 ला आलेल्या नव्या बॉडीची. 2010 ते 2018 ची वॅगनआर वेगळी, तिच्या दाराची चौकट वेगळी. ऑनलाइन नुसतं "वॅगनआर" लिहून मागवलं की जुन्या बॉडीचा सेट येण्याची शक्यता असतेच, आणि तो "बसल्यासारखा" वाटतो. स्विफ्टवाल्यांचीही हीच गंमत होते, 2018 ची बॉडी वेगळी आणि 2024 ची वेगळी. पार्सल आलं की टेपचा कागद न काढता वायझर नुसता दाराला टेकवा, दाबू नका. दोन्ही टोकं, मधलं वळण, सगळीकडे सारखा बसला पाहिजे. एखादं टोक दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त उचललेलं राहिलं तर तो सेट परत पाठवा. कुरिअरच्या गाडीत वजनाखाली दबून वाकलेले तुकडे खूप येतात. प्लास्टिक एकदा तसं बसलं की तुम्ही बोटांनी दाबून सरळ करता, आणि हात काढला की ते हळूहळू आपल्या जुन्या आकारावर जातं.

लोखंड आणि प्लास्टिक उन्हात सारखे वाढत नाहीत, हेही लक्षात घ्या. ॲक्रिलिक स्टीलच्या पाच-सहा पट जास्त पसरतं. साधारण 80 सेंटीमीटरचा तुकडा धरला, तर जानेवारीच्या पहाटेच्या 10 अंशापासून मेच्या दुपारच्या तापलेल्या 70 अंशापर्यंत तो दाराच्या तुलनेत जवळजवळ तीन मिलिमीटर सरकू पाहतो. फोमची टेप लागते ती यासाठी. ती थोडी खेचली जाते आणि सोडत नाही. याच कारणानं सुटलेलं टोक फेविक्विकनं चिकटवू नका. ते कडक सुकतं, सरकायला जागा देत नाही, मग तिथेच वायझरला चीर जाते. काढताना रंगाचा पापुद्राही सोबत येतो. असे दार घेऊन लोक दुकानात येतात तेव्हा वायझरपेक्षा पेंटिंगचाच खर्च जास्त होतो.

चिकटवायचे की रबरात बसणारे? रबरात बसणारे म्हणजे काच ज्या चॅनेलमधून वर-खाली होते, त्या चॅनेलच्या वरच्या भागात घुसवायचे. दिसायला सुबक, टेपची कटकट कमी. पण तुमच्या गाडीला मी सुचवणार नाही. सेकंडहँड गाडीची रबर चॅनेल बरीचशी कडक झालेली असते, त्यात आणखी एक पातळ पट्टी घुसवली की काच जड चालते. आमच्या भागात तर कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ, आणि गावरस्त्याला काळ्या मातीची. दोन्ही त्या फटीत जाऊन बसतात. मग गिऱ्हाईक येऊन म्हणते, "भाऊ, काच वर जाऊनच नाही राहिली." ज्या गाड्यांना एका टचमध्ये काच आपोआप वर जाते, त्यांत आणखी एक भानगड होते. मध्ये हात आला असं समजून काच अर्ध्यातून परत खाली येते. मग काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवायचं, म्हणजे मोटर नवीन जागा शिकते; नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तकात पाहायची. नवी गाडी, मऊ रबर, सिमेंटचा रस्ता असेल तर रबरातला सेट चांगला. तुम्ही चिकटवायचाच घ्या.

मालाबद्दल थोडक्यात सांगतो. ॲक्रिलिक उन्हात पिवळं पडत नाही, पण दगड लागला की फुटतं. पॉलिकार्बोनेट फुटत नाही, पण वरचा थर चांगला नसेल तर दोन-चार उन्हाळ्यांत पिवळट, धुरकट होतं. गावरस्त्यावर गाडीच्या वरच्या भागाला गिट्टी फारशी लागत नाही, म्हणून मला ॲक्रिलिक पुरेसं वाटतं. क्रोमची पट्टी लावलेले घेऊ नका. ती पट्टी वायझरच्या आधी सुटते, आणि उन्हात तिचा झळाळ डोळ्यांवर येतो तो वेगळाच.

रंग मात्र नीट पाहून घ्या. पुढच्या दाराच्या वायझरचा पुढचा कोपरा नेमका तिथे येतो जिथून तुम्ही वळणावर किंवा चौकात बाजूचं बघता. उंच माणसाची नजर तर तिथूनच जाते. दिवसा काळाकुट्ट वायझर छान दिसतो. रात्री गावरस्त्याला, जिथे कापसाच्या बंड्या (बैलगाड्या) बिनालाईटच्या चाललेल्या असतात, तिथे तोच नडतो. हलक्या धुरकट रंगाचा घ्या. ड्रायव्हरच्या सीटवर तुम्ही स्वतः बसा, दुसऱ्याला बाहेरून वायझर धरायला लावा आणि मग ठरवा. दुकानात हे करू देत नसतील तर दुसरं दुकान बघा.

राहिला पैशाचा प्रश्न. कंपनीचा सेट बाजारातल्यापेक्षा दुप्पट-अडीचपट पडतो. त्यात मिळतं काय, तर माप नक्की, टेप बरी आणि माल सरळ. बाजारातलाही सरळ, मापाचा तुकडा आणि चांगली टेप असेल तर माझ्या नजरेत फरक उरत नाही. पण ऑनलाइन मागवून, परत करण्याची सोय नसताना घेत असाल तर कंपनीचाच घ्या. दुकानात हातात धरून, दाराला लावून पाहता येत असेल तर बाजारातला घ्यायला काही हरकत नाही.

आता बसवणं. घरीच करायचं असेल तर करा, अवघड नाही, पण घाईचं काम नाही. आधी जुन्या टेपचे अवशेष काढायचे. हेअर ड्रायरनं थोडं गरम करा, मासे धरायच्या गळाची तंगूस टेपच्या मागे घाला आणि करवतीसारखी पुढेमागे ओढत न्या. स्क्रू ड्रायव्हर, पत्ती, चाकू लावू नका. उरलेला फोम अंगठ्यानं घासत घोळवला की गोळ्या होऊन निघतो. तरीही चिकट राहिलं तर कापडावर अगदी थोडं पेट्रोल घेऊन पुसा आणि लगेच शाम्पूच्या पाण्यानं धुवा, कारण पेट्रोल मागे तेलकटपणा ठेवतं. थिनर रंगाला लावायचाच नाही. तुमची गाडी सेकंडहँड आहे, म्हणून दारांना आधी कुठे डेंटिंग-पेंटिंग झालंय का ते पाहून घ्या. नंतर मारलेला रंग टेपसोबत उचलून येऊ शकतो. आणि रंग ताजाच असेल तर महिनाभर थांबा.

शेवटचं पुसणं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं करायचं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते "आयपीए" म्हणून मिळतं. त्यात तेवढंच पाणी मिसळा, स्वच्छ कापडानं चौकट पुसा, लगेच दुसऱ्या कोरड्या कापडानं पुसून घ्या. हाताला लावायचं जेल सॅनिटायझर चालत नाही, त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं. आणि हे अल्कोहोल वायझरच्या अंगावर लावू नका, ॲक्रिलिकवर त्यानं बारीक केसांएवढ्या चिरा पडतात. पुसल्यावर तिथे बोट लावायचं नाही. बरेच जण इथेच चुकतात: पुसतात छान, आणि मग "बरोबर साफ झालं का" म्हणून हात फिरवतात.

टेप बसली पाहिजे दाराच्या चौकटीच्या पत्र्यावर. रबर बीडिंगवर नाही, आणि छतावर तर नाहीच. काही गाड्यांना मधल्या खांबावर काळी फिल्म असते; तिच्यावर टेप आली तर कधीकधी टेप धरून राहते आणि फिल्मच सुटते. शक्य तेवढी टेप रंगीत पत्र्यावर येईल असं माप धरा.

पत्रा ना थंड ना गरम, साधारण 20 ते 35 अंश असा पाहिजे. मे महिन्यात म्हणजे पहाटे किंवा सावलीत गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी. डिसेंबरात करायचं झालं तर दुपारी, आणि हवं तर पत्र्याला थोडा ड्रायर द्यायचा. मास्किंग टेपनं वायझरची जागा आधी दोन्ही टोकांना खुणा करून ठेवा. मग टेपचा सगळा कागद एकदम काढू नका. दोन्ही टोकांचा दोन-दोन इंच सोडवा, बाहेरच्या बाजूला दुमडून त्याची शेपटी बाहेर राहील असं करा. वायझर खुणांवर टेकवा, दोन्ही टोकं हलकी दाबा. तिरकं वाटलं तर याच वेळी उचलता येतं. बरोबर वाटलं की एका हातानं कागदाची शेपटी हळू ओढत न्यायची आणि दुसऱ्या हाताचा अंगठा तिच्या मागोमाग दाबत चालला पाहिजे. पूर्ण लागल्यावर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अंगठ्यानं जोर लावून दाबा, विशेषतः आरशाकडचं पुढचं टोक. सुटायला सुरुवात तिथूनच होते, कारण धावत्या गाडीचा वारा त्याच टोकात घुसतो. प्रायमर (टेपची पकड वाढवणारा द्रव) मिळाला तर फक्त त्या टोकाला पातळ हात द्या, पुरे.

ही टेप दाब आणि वेळ यांवर धरते. वीसेक मिनिटांत निम्मी पकड येते, एका दिवसात बहुतेक, आणि पूर्ण यायला तीन दिवस लागतात. त्यामुळे पहिला दिवस दारं आपटू नका, हायवेला नेऊ नका, आणि तीन दिवस गाडी धुवायची नाही. पहिल्या पावसाच्या दिवशी सकाळी वायझर लावून मागितले तर मी नाही म्हणतो. नंतर वॉशिंग सेंटरला प्रेशरचा पाइप टेपच्या कडेवर जवळून मारू देऊ नका, त्यांना तोंडानं सांगा. आणि धुताना आधी पाणी ओता, मग कापड. कोळशाच्या धुळीवर कोरडं कापड फिरवलं की वायझर एका महिन्यात खरवडून निघतो.

आता मुलीचं मळमळणं आणि पावसात बंद काचांवर आतून जमणारं धुकं. वायझरनं किती फरक पडेल? गावरस्त्याला 30-50 च्या वेगाला बराच. काच इंचभर उघडी ठेवली की वायझरच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि आतली दमट हवा बाहेर ओढली जाते. डावीकडची पुढची आणि उजवीकडची मागची अशी तिरपी काच उघडा, वारा पूर्ण गाडीतून फिरतो. काच वायझरच्या खालच्या कडेच्या खाली न्यायची नाही, नाहीतर पाणी आत येणारच. आणि गाडी उभी असताना वाऱ्यासोबत आडवी सर आली तर कुठलाही वायझर सीट कोरडी ठेवणार नाही. गोंदिया-गडचिरोलीकडच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. काचेच्या आतल्या धुक्याला खरा इलाज एसीच आहे, कारण एसी हवेतली ओल काढतो. एसी चालू, हवा बाहेरची घ्यायची, आतल्या आत फिरवायची नाही. पण एसी लावला की ॲव्हरेज जातं म्हणून आपण तो बंद ठेवतो, आणि मग वायझरकडून अपेक्षा करतो. चालते, पण मर्यादेत.

पोलिसांचं विचारलंत. सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये बंदी घातली ती काचेवर चिकटवलेल्या फिल्मला. वायझर काचेवर नसतो, दाराच्या चौकटीवर असतो. तरी अर्धी काच झाकणारे रुंद, काळे वायझर येतात, ते घेऊन रस्त्यावर हुज्जत घालायची गरज काय?

एक बारीकशी गोष्ट, हसू नका. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्याच्या गाडीला पुढच्या दाराला वायझर लावताना मी आधी विचारून घेतो. काच अर्धी उघडून बाहेर थुंकायची सवय असेल तर वायझर मधे येतो, आणि मग आठवडाभरात वायझरही लाल आणि आतली काचही लाल.

नागपूरला जाताना 44 नंबरच्या हायवेला 80-90 च्या पुढे कदाचित शिट्टीसारखा आवाज येईल. थोडा आवाज येणारच, काच बंद असली तरी. वायझरनं वारा कापला जातो त्याचा तो आवाज. पण बारीक, टोकदार शिट्टी आली तर कुठेतरी फट आहे. शोधायचं सोपं आहे: वायझरच्या पुढच्या टोकाला बाहेरून मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि तोच रस्ता परत चालवा. आवाज थांबला तर तेच टोक नीट बसलेलं नाही. ड्रायरनं किंचित गरम करून पुन्हा दाबा. तरी उचलत असेल तर टेपला ओढ आहे म्हणजे तुकडाच वाकडा आहे. तो एक तुकडा बदलून घ्या, पूर्ण सेट काढायची गरज नाही. बहुतेक दुकानदार सुटा तुकडा देत नाहीत, पण सेट घेतानाच बोलून ठेवलं तर देतात.